ताईंची मोठ्या आवाजातली प्रार्थना

शांत माणसाबरोबर एका घरात राहणं किती कटकटीचं असतं, हे ज्याच्या वाट्याला आलंय त्यालाच कळेल. बाकीचे म्हणतात, "नशीबवान आहात हो, असं माणूस घरात आहे." त्यांना काय जातंय म्हणायला! स्वयंपाकघरातला नळ तुटून पाण्याचं कारंजं उडतंय, मी चिंब होऊन बादल्यांवर बादल्या सरकवतेय, प्लंबरचा नंबर शोधायच्या आधी आमचे हे चष्मा शोधताहेत, आणि ताई दारात उभ्या राहून म्हणतात, "बाहेरची मुख्य तोटी फिरवली की थांबेल गं." जातात, फिरवतात, येतात आणि पुन्हा विणायला बसतात. यात त्यांचं चुकलं काय, असं कोणी विचारलं तर मला उत्तर देता येणार नाही. पण त्या क्षणी त्यांच्या हातातल्या सुया काढून घेऊन खिडकीबाहेर भिरकावून द्याव्याशा वाटतात, हे मात्र खरं.

ताई म्हणजे माझी मोठी नणंद. यजमान गेल्यावर काही वर्षं एकट्या राहिल्या, मग ह्यांनीच त्यांना आग्रह करून आमच्या मागच्या खोलीत आणलं. मला त्या लाडाने 'घाई' म्हणतात. लाड तेवढ्यावरच संपतो.

निवृत्त होईपर्यंत ताई एका मोठ्या रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर होत्या. जिन्याखालची, खिडकी नसलेली खोली. समोर बोर्ड, कानावर हेडफोन, एका हाताने वायर खुपसायची, दुसऱ्या हाताने चहाचा कप धरायचा. बाहेरून फोन आला की "हं, बोला" म्हणायचं, कोणता वॉर्ड ते विचारायचं, आणि "लाईनवर राहा, जोडून देते" म्हणून जोडून द्यायचं. गावातली बाळंतपणं, अपघात, बरी झालेली आणि न झालेली माणसं, सगळं आधी त्यांच्या कानावरून जायचं. पण त्यांनी कधी एक शब्द बाहेर काढला नाही. ऐकायचं नाही, आणि ऐकू आलंच तर सांगायचं नाही, हा त्यांचा धर्म. हे म्हणतात, "ताईच्या पोटात गोष्ट गेली म्हणजे विहिरीत दगड गेला." आमच्या चर्चच्या मंडळीत त्यांना अजून सगळे ऑपरेटरबाईच म्हणतात.

आता एवढी झाकल्या तोंडाची बाई. पण ती प्रार्थना करायला उभी राहिली की विहिरीतले सगळे दगड एकदम वर येतात.

दर रविवारी प्रवचन झालं की पाळकसाहेब विचारतात, कोणाला कोणासाठी प्रार्थना करायची आहे का. कोणीतरी उठून हळू आवाजात आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी असं मोघम काहीतरी म्हणतं. ताई उठल्या की मोघम काही नसतं. त्या प्रभूशी बोलतात ते लांबच्या गावी फोन लागल्यासारखं: मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, आणि गफलत नको म्हणून संपूर्ण तपशिलासह.

"प्रभू, ऐकतोयस ना? आपला लाँड्रीवाला. कोपऱ्यावरचा नव्हे, पुलाजवळचा. त्याच्या बायकोच्या पित्ताशयात खडे झालेत. तिला भूल घ्यायची भीती वाटते आणि ती ते नवऱ्याला सांगत नाही. एवढंच. बाकी तुला दिसतंच आहे."

लाँड्रीवाला तिथेच, तिसऱ्या बाकावर. बायकोही तिथेच.

महिला मंडळाच्या सेक्रेटरीणबाईंचे दात नवे आहेत हे आम्हाला ताईंच्या प्रार्थनेतून कळलं. ते व्यवस्थित बसल्याबद्दल त्यांनी प्रभूचे आभार मानले होते. सेक्रेटरीणबाई नंतर महिनाभर तोंडावर रुमाल धरून बोलत होत्या.

पाळकसाहेबांनी एकदा फार सांभाळून विषय काढला. "बाई, प्रभूला सगळं ठाऊक असतं. इतके तपशील नाही दिले तरी चालतं."

"ठाऊक असतं हो," ताई म्हणाल्या, "म्हणून आपण वेंधळ्यासारखं बोलायचं का? वॉर्ड न सांगता 'आमच्या पेशंटला द्या' म्हणणाऱ्या लोकांनी मला जन्मभर छळलंय."

मीही सांगून पाहिलं. "ताई, सगळे ऐकतात!"

"त्यांनी कशाला ऐकायचं? मी काय त्यांच्याशी बोलत होते?"

हे त्या मनापासून म्हणतात. त्यांच्या लेखी प्रार्थना म्हणजे दोन टोकांमधली खाजगी लाईन. मधे कोणी कान लावत असेल तर तो त्याचा उद्धटपणा. मी मानसशास्त्र घेऊन पदवीधर झालेली बाई आहे, पण या युक्तिवादापुढे मी हात टेकले.

आणि ती शांती! ह्यांच्या हृदयाची तपासणी होती तेव्हा आम्ही दोघी बाहेर बाकावर. माझा जीव टांगणीला. आत काय दिसतंय, काय कापताहेत, डॉक्टरीणबाई बाहेर आली ती हसत होती की नव्हती. आणि शेजारून घोरण्याचा आवाज. ताई! सख्खा धाकटा भाऊ आत, आणि या भिंतीला डोकं टेकून गाढ. मी कोपर मारलं तर म्हणाल्या, "मी सांगून ठेवलंय गं प्रभूला." जशी काही शिपायाला चिठ्ठी देऊन ठेवलीय.

ह्यांचीही शांती आहे, पण ती मला परवडते, कारण तो निव्वळ आळस आहे. ताईंची तशी नाही. हीच पंचाईत.

तर आता मुद्द्यावर येते.

आमचे चिरंजीव दुसऱ्या शहरात नोकरीला आहेत, म्हणजे होते. इमारतींचे नकाशे काढणारी कंपनी. एकुलता एक. वसंतात त्याचा आवाज बदलला. आईला आवाजावरून कळतं, लोक काहीही म्हणोत. "हो", "नाही", "ठीक" या तीन शब्दांच्या पलीकडे तो जाईना. "आई, नंतर करतो" म्हणायचा, आणि ते नंतर काही उगवायचं नाही. मग मी करायचे. सकाळी उठला असेल म्हणून, दुपारी जेवायची वेळ म्हणून, संध्याकाळी पोहोचला का म्हणून, आणि उचलला नाही तर उचलला का नाही म्हणून. दारू? मुलगी? मूत्रपिंड? मी एकेक विचार करून त्याच्यावर रडून घेतलं होतं.

"अहो, काहीतरी झालंय त्याला."

"मोठा झालाय तो," हे म्हणायचे. "बघू."

"काय बघू? कुठे बघू?"

"बघू" म्हणजे वर्तमानपत्राचं पुढचं पान, एवढाच अर्थ.

आणि मागच्या खोलीत काय चाललेलं असायचं? आमचे चिरंजीव आपणहून आत्याला फोन करायचे. मला दार ओलांडून ताईंचं हसू ऐकू यायचं. मी हातातलं काम टाकून दाराशी.

"काय म्हणाला?"

"बरा आहे."

"बरा म्हणजे?"

"अगं, बरा म्हणजे बरा."

विहिरीत दगड! त्याच्या पोटात काय आहे ते या बाईला ठाऊक आहे आणि मला नाही, हे मला समजत होतं. माझ्याच घरात, माझ्याच हातचा चहा पिणारी ही बाई. पण एक शब्द काढला तर शपथ. मी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, जेवायला वाढताना भांडी आपटून पाहिली. "तो सांगेल हो तुला," एवढंच.

त्याने नाही सांगितलं. त्या रविवारी ताई प्रार्थनेला उठल्या.

मी शेजारीच बसले होते. आम्हा दोघींच्या मधे फक्त त्यांची विणकामाची पिशवी.

"प्रभू, ऐकतोयस ना? आधी माझ्या भाच्याचं. माझ्या भावाचा एकुलता एक. उंच, चष्मेवाला. त्याची नोकरी जाऊन उन्हाळा सरला. आता एका गोदामात खोकी उचलतोय. लहानपणापासून पाठ नाजूक त्याची, ती धरलीय. आणि प्रभू, हे त्याला आईला सांगवत नाही. तिचा फोन आला की त्याच्या पोटात गोळा येतो. ती हाय खाईल म्हणतो. तर तिला कळायच्या आत काहीतरी सोय कर. एवढंच. बाकी तुला दिसतंच आहे."

तिला कळायच्या आत!

मंडळीचं 'आमेन' निघालं ते विझलेल्या काडीसारखं. सगळ्या माना माझ्याकडे. ऑर्गन वाजवणारे गुरुजी इतके गडबडले की त्यांनी ठरलेलं गीत सोडून नामकरणाचं गीत सुरू केलं, आणि आम्ही सगळ्यांनी उभं राहून नसलेल्या बाळाचं स्वागत केलं. ताई शांतपणे बसल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. देवाशपथ, त्या क्षणापर्यंत त्यांना मी तिथे आहे याची जाणीवच नव्हती.

शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत मी कशी थांबले कोण जाणे. बाहेर आल्या आल्या, पायऱ्यांवरच, फोन लावला. त्याने उचलला.

"गोदामात? खोकी? आणि मला सांगायचं नाही? मी मेले होते का?"

"आई, तुला कोणी सांगितलं?"

"अख्ख्या मंडळीला माहीत आहे! फक्त जन्म देणारीला माहीत नव्हतं!"

"कोणी सांगितलं पण?"

"तुझ्या आत्याने."

मग तो इतक्या हळू बोलला की मला फोन कानात खुपसावा लागला. "आत्याने?" आणि फोन बंद. मी पुन्हा लावला. संपर्क होऊ शकत नाही.

घरी पोहोचेपर्यंत ताईंच्या फोनवर त्याचे दोन शब्द येऊन पडले होते. 'आत्या, तूसुद्धा.' त्यांनी वाचले, चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

मी सोडते का! "तुम्हाला माझ्यापासून लपवायचं होतं, लपवलंत. मग चव्हाट्यावर कशाला मांडलंत? सेक्रेटरीणबाई माझा हात हातात घेऊन कुरवाळत होत्या. कुरवाळत होत्या, ताई! आणि वर म्हणाल, मी त्यांच्याशी बोलत नव्हते."

"नाही म्हणणार," ताई म्हणाल्या. "माझी चूक झाली."

आता काय करायचं? भांडायला समोर माणूस तर उभं राहायला हवं. मी ह्यांच्याकडे वळले, तर हे चष्मा शोधायला निघून गेले होते.

पुढचे दिवस काय वर्णावे! मंडळीला दुसरं काम उरलं नाही. औषधांचे दुकानवाले आले, त्यांच्या मेहुण्याच्या छापखान्यात जागा आहे म्हणे, पण मुलाला रंगांची ॲलर्जी नको. सेक्रेटरीणबाई आल्या आणि नोकरी जाणं हा कसा आशीर्वाद असतो ते चहाचे दोन कप होईपर्यंत सांगत राहिल्या. लाँड्रीवाल्याने चिरंजीवांच्या पाठीसाठी मलमाची डबी पाठवली, ती त्याच्याकडे पोहोचवायची कशी याचा विचार न करता. मी दार उघडायची, हसायची, दार लावायची, आणि फोन लावायची.

संपर्क होऊ शकत नाही. संपर्क होऊ शकत नाही.

"छान बोलते हो ती पोरगी," मागून ताईंचा आवाज. "पण तिला तरी किती दमवशील?"

मी फोन आपटला. "तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? तुमच्यामुळे तो माझ्याशीही बोलत नाही आणि तुमच्याशीही. रात्री-बेरात्री काही झालं तर कळवणार कोणाला? आणि तुम्ही बसलाय, बसलाय आपल्या! हेच का तुमच्या विश्वासाचं फळ?"

ताई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. विणकाम नव्हतं. फोन समोर टेबलावर आणि दोन्ही हात मांडीवर. पहिल्यांदाच मी त्यांच्या हातांकडे नीट पाहिलं. ते थरथरत होते. एक हात दुसऱ्याने घट्ट धरलेला.

"वाटत नाही असं कोण म्हणालं?" त्या म्हणाल्या. "बस."

मी बसले नाही. पण गेलेही नाही.

"मी तुझ्याहून घाबरट होते," ताई म्हणाल्या. "विचार तुझ्या नवऱ्याला. निजायच्या आधी कडी तीनदा बघायची. लग्नानंतर तर फारच. आमचे यजमान त्याच रुग्णालयात लिफ्ट चालवायचे, तुला माहीतच आहे. मी बोर्डावरून लिफ्टमनच्या खोलीत फोन करायची, नीट आहात ना? ते म्हणायचे, बाई, मी वरखाली करतोय, याहून काय होणार? मग ते पडले. मेंदूत रक्त आलं. वरच्या मजल्यावर ठेवलं होतं त्यांना, आणि माझी ड्यूटी खाली. सुट्टी घेऊन बाहेर बाकावर बसवेना, म्हणून मी बोर्डावर बसले. हाताशी फोन होता ना! जरा वेळ गेला की वॉर्डात लावायचा. कसे आहेत? तसेच आहेत. पुन्हा लावायचा. कसे आहेत? शेवटी तिथली सिस्टर म्हणाली, रागावून नव्हे, अगदी मऊ आवाजात, 'बाई, तुमचा फोन वाजला की मला त्यांच्याजवळून उठून यावं लागतं.'"

मी खुर्ची ओढली.

"मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे काय, बोटं सोडवून काढावी लागली. आणि मग हातांना काही कामच नाही. चर्चला मी जायचेच लहानपणापासून, सगळी गीतं पाठ. पण त्या दिवसापर्यंत मी देवाशी बोलले नव्हते, नुसती त्याला सूचना देत होते. त्या दिवशी म्हटलं, प्रभू, मी वर येत नाही, तू जाऊन बस त्यांच्याजवळ. एवढंच. दुसरं काही सुचेना."

"मग?"

"मग ते गेले. संध्याकाळी सिस्टरनेच फोन केला. मी म्हटलं, हं, बोला."

ताईंनी समोरचा फोन जरा बाजूला सरकवला.

"मला वाटलं आता मी कोसळणार. रडले, पोटभर रडले, किती दिवस. पण आत कुठेतरी, कसं सांगू, बसायला जागा झाली होती. आधी आत नुसती धावपळ असायची. आता रडायचं तरी बसून रडता यायचं. तो येऊन बसला होता बघ. त्यांच्याजवळही, माझ्याजवळही. ते अजून गेलेलं नाही. परवा तुझ्या पोराचे दोन शब्द वाचले तेव्हाही गेलं नाही. हात थरथरतात, ते थरथरू देत."

मला हे पटलं नाही, आणि मी तसं म्हटलंसुद्धा. "ताई, तुमचे यजमान वाचले नाहीत. हे काय उदाहरण झालं?"

"उदाहरण नाही देत गं," त्या म्हणाल्या. "विचारलंस म्हणून सांगितलं."

हे असं! निदान एखादा उपदेश केला असता तर खोडून तरी काढता आला असता.

पण ती सिस्टर माझ्या डोक्यातून जाईना. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, 'मला त्यांच्याजवळून उठून यावं लागतं.' फोनकडे हात गेला की ती बाई कुठल्यातरी खाटेजवळून उठताना दिसायची. शेवटी वैतागून मी फोन चमच्यांच्या खणात कोंबला. मग चमचा हवा म्हणून खण उघडायचा. दिवसभरात मला इतके चमचे कधी लागले नव्हते. पण फोन लावला नाही. एकदाही नाही, आणि याची नोंद कोणीही घेतली नाही.

प्रार्थना करून पाहिली. "प्रभू, त्याच्या पाठीकडे बघ. त्याला वाकताना गुडघ्यातून वाकायला सांग. त्या गोदामाच्या मालकाला अक्कल दे. रात्री त्याला पांघरूण..."

मागच्या खोलीतून आवाज आला. "बोलतेयस की कामाची यादी देतेयस?"

"तुम्ही नका ऐकू!" मी ओरडले. "मी तुमच्याशी बोलत नाहीये!"

तिकडे खुदकन हसण्याचा आवाज आला. त्या आठवड्यातला पहिलाच.

रविवार उजाडला. चर्चमध्ये पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, आणि सगळ्यांचे डोळे ताईंकडे. ताई मान खाली घालून बसून राहिल्या. सकाळीच त्या मला म्हणाल्या होत्या, "मी नाही उठणार आता. दुसऱ्याची गोष्ट सांडली माझ्या हातून." मला वाटलं होतं, सुटलो! पण ती शांतता वाढत चालली. लाँड्रीवाल्याची बायको मागे वळून पाहत होती. तिची शस्त्रक्रिया परवावर आलेली. इतके दिवस ज्या तपशिलांना सगळे घाबरत होते, ते आज कोणीच सांगेना, आणि आपलं नाव कुठेतरी सांगायचं राहून गेलंय असे चेहरे करून माणसं बसली होती.

मी उठले. खरं सांगायचं तर मी या मंडळीला चार शब्द सुनावणार होते. लोकांच्या मुलांची चर्चा चहाबरोबर करू नये, वगैरे. वाक्यं तयार होती. उठले, समोरचा बाक धरला आणि तोंडातून भलतंच निघालं.

"प्रभू, लाँड्रीवाल्यांच्या बायकोची परवा शस्त्रक्रिया आहे. पुलाजवळच्या. भूल देताना तू तिथे अस." मग मी बाक आणखी घट्ट धरला. "आणि माझा मुलगा. तो कुठे आहे, काय खातोय, मला माहीत नाही. त्याच्याजवळ तू बस. मी उठते. मला गप्प राहायला शिकव."

"आमेन!"

इतकं दणदणीत आमेन त्या चर्चमध्ये कधी झालं नसेल. औषधवाले, सेक्रेटरीणबाई दातांसकट, गुरुजी, आणि माझ्या पलीकडून आमचे हे, ज्यांचा आवाज मी चर्चमध्ये लग्नाच्या दिवशी शेवटचा ऐकला होता. मी गप्प राहावं यावर सबंध मंडळीचं इतकं एकमत! मी तांबडीलाल होऊन खाली बसले. ताईंनी पिशवीवरून हात पुढे केला आणि माझ्या मनगटावर ठेवला. हात स्थिर होता. मी झिडकारला नाही, कारण सगळे बघत होते.

घरी येताना मला जाणवलं की मला भूक लागलीय. नीट जेवले. जेवल्यावर जरा आडवी झाले.

मी दुपारी झोपत नाही. मी रात्रीसुद्धा नीट झोपत नाही, हे कोणालाही विचारा. त्या दुपारी मात्र मला झोप लागली, दगडासारखी, आणि फोन चमच्यांच्या खणात राहिला. मुद्दाम नव्हे. मी चक्क विसरले होते.

जागी झाले ती ताईंच्या आवाजाने. मागच्या खोलीतून त्या मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलत होत्या.

"हं, बोल. ... झोपलीय. ... हो, दुपारी. ... अरे, आजारी नाही, नुसती झोपलीय. ... तुझ्या आईला झोप लागू शकते, माणूसच आहे ती."

मी उठून बसले. पावलं जवळ आली.

"तिने फोन का केला नाही ते तिलाच विचार. आणि हे बघ, माझ्यावर रागव, तो तुझा हक्क आहे. माझं चुकलं. ... बरं बरं, ते नंतर. लाईनवर राहा, जोडून देते."

आणि दारातून आत येऊन, जसा काही मधे बोर्ड आहे आणि वायरी आहेत, तसा त्यांनी त्यांचा फोन दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"आई?" तिकडून अगदी घाबरलेला आवाज. "किती वेळ लावतोय, उचलत का नाहीस? इतक्या दिवसांत तुझा एक फोन नाही. मला वाटलं तुला काहीतरी झालं. आई, तू बरी आहेस ना?"

माझ्या तोंडाशी काय काय आलं! खोकी, पाठ, भाडं, पांघरूण, नोकरी का गेली, कोणी घालवली, मला का नाही सांगितलंस. सगळं जिभेवर रांग लावून उभं. मी पलंगाची कड धरली.

"हं," मी म्हटलं. "बोल."

मग तो बोलायला लागला. सुरुवातीपासून, कंपनीने त्या सकाळी सगळ्यांना खोलीत बोलावलं तिथपासून. मधे थांबायचा, मी काही म्हणते का याची वाट बघायचा, मी म्हणत नव्हते, मग पुढे जायचा. नोकरी अजून मिळालेली नाही. पाठ दुखतेच. पण तो बोलत होता, माझ्याशी, आणि माझ्या आत इतकी जागा होती की त्याचं सगळं त्यात मावत होतं. ही जागा कुठून आली ते मला ठाऊक आहे, आणि मी त्याबद्दल उगीच ऐट करणार नाही.

एवढ्यात समोरच्या खुर्चीतून श्वास आत ओढल्याचा ओळखीचा आवाज आला. ताईंनी डोळे मिटले होते, हात जोडले होते.

"प्रभू, ऐकतोयस ना? माझा भाचा. उंच, चष्मेवाला..."

मी फोनवर तळवा दाबला. "ताई! मनातल्या मनात!"

त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि पुन्हा मिटला. आवाज बंद झाला. ओठ मात्र बराच वेळ हलत राहिले. संपूर्ण तपशील देत असणार, यात मला शंका नाही.